गडी संध्याकाळी घरी गेला पाहिजे

‘टिंग’ असा बारीक आवाज झाला की आमच्या गॅरेजमधली सगळी माणसं जागच्या जागी थांबतात. कोणी पाय उचलत नाही, कोणी झाडू हातात घेत नाही. पिस्टनच्या गजन पिनेचं नवंकोरं लॉक पक्कडीतून निसटलंय आणि ते आता खोलीत कुठेही असू शकतं, हे त्या एका आवाजावरून सगळ्यांना कळलेलं असतं. लॉक म्हणजे तारेची नखाएवढी गोल कडी. किंमत नगण्य. पण भर पावसाळ्यात, शनिवारी संध्याकाळी, ती तालुक्याला मिळत नाही, आणि गवत कापायचं मशीन घेऊन आलेले काका बाकावर बसून घड्याळ बघत असतात.

अशा वेळी पहिल्यांदा दिवा बंद करायचा. टॉर्च जमिनीवर आडवी टेकवून झोत फरशीलगत सोडायचा आणि सावकाश फिरवायचा. वरून पडणाऱ्या उजेडात जी कडी फरशीच्या रंगात हरवते, तिचीच आडव्या उजेडात बोटभर सावली पडते. नजरेने सावली हुडकायची, कडी आपोआप सापडते. तेवढ्यावर भागलं नाही तर फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक पिशवीत घालून फरशीवरून फिरवायचं. पिशवी अशासाठी, की ती उलटी केली की चिकटलेला लोखंडाचा कीस झटक्यात सुटतो. नुसत्या चुंबकावरून तो जन्मात निघत नाही. पितळेची वस्तू असेल तर मात्र चुंबक कामाचं नाही, तिथे गुडघ्यांवर रांगायचं.

पण लॉक फरशीवर पडलं तर नशीबच म्हणायचं. ते बसवताना खाली क्रँकचं तोंड आ वासून उघडं असतं. त्यात पडलं तर अख्खं इंजिन परत खोला. म्हणून लॉकला हात लावण्याआधी त्या तोंडात चिंधी कोंबायची, तीही लाल-पिवळी, आणि शेपटासारखं एक टोक बाहेर लोंबतं ठेवायचं. काळ्या तेलकट चिंध्या आत विसरून ब्लॉक चढवलेले मी पाहिलेत. त्यातला एक मीच चढवला होता. मग कापडाच्या दुकानात मिळते तसली मोठी पारदर्शक पिशवी पिस्टनवर घालायची, दोन्ही हात पिशवीत, आणि काम पिशवीच्या आत. कडी उडाली तरी पिशवीतच राहते. कडीचं एक टोक आधी खाचेत बसवायचं, अंगठा त्यावरच ठेवायचा आणि उरलेली कडी नोज प्लायरने दाबत दाबत आत न्यायची. तिचं उघडं तोंड वर किंवा खाली यावं, आडवं नको. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली हिसके खातो. तोंड आडवं असलं की प्रत्येक हिसक्याला कडी दबून खाचेतून सुटू पाहते. शेवटी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ती खाचेत गोल फिरवून बघायची. फिरली म्हणजे बसली. काढलेली जुनी कडी पुन्हा कधीही घालू नये, कितीही चांगली दिसली तरी.

गेली सव्वीस वर्षं मी हेच काम करतोय. शेतीची छोटी इंजिनं, फवारणी पंप, दुचाक्या, अधूनमधून कोणाची शिलाई मशीन. नवी पोरं शिकायला येतात तेव्हा त्यांना वाटतं, जोडणी म्हणजे खोलण्याची उलटी रीत. बरोबरच आहे, पण खोलताना दोन हात पुरतात आणि जोडताना पुरत नाहीत. एका हाताने स्प्रिंग दाबली, दुसऱ्याने प्लेट धरली, मग पिन कोण घालणार? त्या तिसऱ्या हाताची सोय करण्यात निम्मी कारागिरी जाते. माझे उस्ताद या सोयीला ‘गडी’ म्हणायचे. ग्रीसचा गोळा, दोऱ्याचा फास, लाकडाचा तुकडा, काहीही असो, तो गडी. आणि कोणी पोराने नवी शक्कल काढली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘गडी लावतोयस खरा, पण तो संध्याकाळी घरी कसा जाणार?’ म्हणजे काम झाल्यावर ती वस्तू यंत्रातून बाहेर कशी येणार, किंवा आत राहिली तर कोणाला न छळता कशी विरून जाणार. त्या प्रश्नाला उत्तर नसलं की शक्कल बाद.

सगळ्यात जुना आणि गुणी गडी म्हणजे ग्रीस. सायकलच्या हबमध्ये छर्रे भरताना ते सगळ्यांनीच वापरलेलं असतं. कपात ग्रीसचा जाड थर द्यायचा आणि छर्रे एकेक करून त्यात रोवायचे; चाक उलटं केलं तरी पडत नाहीत. आपल्या साध्या सायकलला सहसा मागच्या हबमध्ये एका बाजूला पाव इंची नऊ आणि पुढच्याला ३/१६ इंची दहा छर्रे असतात, तरी खोलताना स्वतः मोजावेत, कारण आधीच्या कारागिराने किती घातले होते ते त्यालाच ठाऊक. आठवत नसेल तर कप पूर्ण भरून एक छर्रा काढून घ्यायचा. गच्च भरलेले छर्रे फिरत नाहीत, घासतात.

चार स्ट्रोक इंजिनाच्या वॉल्वची लॉकं म्हणजे शंकूचे दोन उभे अर्धे भाग, भाताच्या शितापेक्षा थोडे मोठे. स्प्रिंग दाबून धरलेली आणि बोटं आत जात नाहीत, अशा जागी ती बसवायची असतात. इथे बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून लॉक त्यावर चिकटवायचं आणि वॉल्वच्या दांड्यावरही थोडं ग्रीस चोपडायचं. दांड्यावर ग्रीस जास्त हवं आणि ड्रायव्हरवर कमी. उलट झालं की लॉक ड्रायव्हर सोडत नाही. मॅग्नेटखालची अर्धचंद्राच्या आकाराची चावी शाफ्टच्या खाचेतून निसटते, तिच्या खाली मात्र ग्रीसचं बोट लावू नये. शाफ्टचा आणि मॅग्नेटचा निमुळता भाग कोरडा, स्वच्छच बसायला हवा. तिथे चावी खाचेत हलक्या हाताने ठोकून, पाठ शाफ्टला समांतर ठेवून बसवायची.

रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस बदलताना हा गडी तुमचा कान धरतो. क्रॉसच्या चारही टोप्यांमध्ये आतल्या भिंतीला सुयांसारखे रोलर उभे असतात, ग्रीसने चिकटवलेले. टोपी ठोकताना एखादी सुई आडवी होऊन तळाला पडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लक्षण एकच: टोपी शेवटपर्यंत जात नाही, सर्क्लिपची खाच अर्धवट झाकलेली राहते. पोरं इथे मोठा हातोडा आणतात. हातोडा खाली ठेवा, टोपी बाहेर काढा, सुई उभी करा. खाच दिसत नसेल तर आत सुई पडली आहे, असंच समजून चालावं; दहातल्या नऊ वेळा तेच निघतं.

आता हा गडी घरी कसा जातो? इंजिनात तेल असतं, ग्रीस तेलात मिसळून जातं. हबमध्ये आणि क्रॉसमध्ये तर ग्रीस हवंच असतं. पण ब्रेकच्या सिलिंडरमध्ये त्याला जागा नाही. तिथली रबरं ब्रेक ऑइलशी जमवून घेणारी असतात. साधं ग्रीस, इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लागली की फुगतात आणि ब्रेक जाम होतो. तिथे रबर ओलं करायचं ते ब्रेक ऑइलनेच. कोरड्या क्लच प्लेटवर आणि ब्रेकच्या लायनरवर ग्रीसचा डागही नको. आणि पॅकिंगच्या जागी लोक हल्ली सिलिकॉन फासतात, ते तर अजिबात घरी न जाणारं पाहुणं. कडेने बाहेर जेवढं ओघळतं तेवढंच आतही ओघळतं, त्याचे शेवयांसारखे तुकडे होतात आणि तेलाच्या गाळणीवर जाऊन बसतात. एकदा एका इंजिनाला तेल का पोचत नाही, हे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला होता. सिलिकॉन मीच लावलं होतं, सढळ हाताने.

माझा सगळ्यात लाडका गडी मात्र वेगळाच आहे. जुन्या धाटणीच्या गिअरबॉक्सचा लेशाफ्ट जोडायचा असतो. गिअरच्या पोटात सुट्या रोलरांची गोल रांग, दोन्ही तोंडांना वायसर, आणि हे सगळं डब्यात योग्य जागी धरून बाहेरून शाफ्ट आरपार घालायचा. शाफ्ट काढला त्या क्षणी सगळा संसार खाली येतो. यावर तोड म्हणजे नकली शाफ्ट. लाकडाचा, ॲल्युमिनियमचा, मिळेल त्या दांड्याचा एक तुकडा घ्यायचा. जाडी खऱ्या शाफ्टएवढी किंवा केसभर कमी. लांबी मात्र फक्त गिअर आणि दोन्हीकडचे वायसर मिळून होते तेवढी, म्हणजे डब्याच्या दोन भिंतींमध्ये तो अलगद मावला पाहिजे. दोन्ही टोकांच्या कडा कानशीने मोडून घ्यायच्या.

मग काम टेबलावर, उजेडात, बसून करायचं. गिअरमध्ये नकली शाफ्ट घाला, भोवतीच्या फटीत ग्रीस लावून रोलर एकेक सोडा, वरून वायसर चिकटवा, उलटं करून दुसरी बाजू तशीच. आता हा गाठोड्यासारखा एकसंध भाग उचलून डब्यात बसवा. भोकं समोरासमोर आली की खरा शाफ्ट बाहेरून लावा आणि हलके ठोकत आत सरकवा. खरा आत येतो तसा नकली दुसऱ्या बाजूने बाहेर निघतो. रोलरांना बदली झाल्याचा पत्ताही लागत नाही. एकच पथ्य: दोघांची तोंडं एकमेकांना चिकटलेली राहिली पाहिजेत. घाई करून नकली शाफ्ट तिकडून ओढला आणि मध्ये बोटभर फट पडली की त्या फटीत एक रोलर हमखास पडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. उस्तादांच्या भिंतीवर खिळ्यांना असे पंधरावीस नकली शाफ्ट टांगलेले असायचे, प्रत्येकावर खडूने गाडीचं नाव.

गिअरबॉक्स तुमच्या वाट्याला येणार नाही, पण ही रीत घरातही उपयोगी आहे. पिळाची स्प्रिंग असलेला कुठलाही छोटा खटका घ्या, ड्रिलचा असो की बाइकच्या लिव्हरचा. स्प्रिंगचं भोक, खटक्याचं भोक आणि डब्याचं भोक, तिन्ही एका रेषेत धरून पिन घालणं म्हणजे छळ. दात कोरायची काडी खटक्याच्या रुंदीएवढी तोडा, स्प्रिंग आणि खटका तिच्यावर ओवा, जागेवर बसवा आणि खऱ्या पिनेने काडी ढकलून बाहेर काढा.

दोरा हा दुसरा जुना गडी. ग्राइंडरच्या किंवा मिक्सरच्या मोटरीत आर्मेचर परत घालताना काही मॉडेलमध्ये कार्बन आडवे येतात, कारण मागची स्प्रिंग त्यांना पुढे ढकलत असते. बऱ्याच होल्डरांत स्प्रिंगचं टोक उचलून कार्बनच्या पाठीऐवजी कुशीला टेकवता येतं. मग कार्बन मागेच अडकून राहतो, आर्मेचर बसलं की टोक परत पाठीवर. ते जमत नसेल तर शिलाईच्या दोऱ्याने कार्बन मागे ओढून दोऱ्याची दोन्ही टोकं झरोक्यातून बाहेर काढायची आणि आर्मेचर बसल्यावर एक टोक धरून दोरा सरळ ओढून घ्यायचा. गाठ मारायची नाही. गाठ मारलेला गडी घरी जात नाही.

दोऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे सुती दोर, पेन्सिलीएवढा जाड. इंजिनाचं हेड न उतरवता वॉल्वची स्प्रिंग किंवा सील बदलायचं असेल तर लॉक काढताच वॉल्व आत पडण्याची भीती असते. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून दोर आत सोडायचा, बराचसा, आणि एक टोक बाहेर ठेवायचं. मग दोन्ही वॉल्व बंद असलेल्या फेऱ्यात पिस्टन हाताने वर आणायचा. दोराची गादी होऊन वॉल्व खालून घट्ट धरले जातात. हाच दोर मॅग्नेटचा नट सोडवताना इंजिन फिरू नये म्हणूनही चालतो, पिस्टनमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवण्यापेक्षा हजारपट बरा. पण दोन स्ट्रोक इंजिनात एक खोड आहे. तिथे सिलिंडरच्या भिंतीला पोर्टाच्या खिडक्या असतात. पिस्टन खाली असताना दोर सोडला तर त्याचं वेटोळं खिडकीत शिरतं आणि वर येणारा पिस्टन ते कातरून टाकतो. म्हणून सायलेन्सर काढून डोळ्यांनी बघायचं, पिस्टनने एक्झॉस्टची खिडकी पूर्ण झाकली की मगच दोर आत.

ताणाच्या स्प्रिंगा, म्हणजे स्टँडच्या वगैरे, पक्कडीने ओढून बसवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हनुवटीवर खुणाही आहेत. त्यापेक्षा स्प्रिंग व्हाइसमध्ये धरून एका अंगाला वाकवा. बाहेरच्या बाजूला वेटोळी उघडतात, त्या फटींत एकेक वायसर किंवा नाणं सरकवा. मग दुसऱ्या अंगाला वाकवा, तिकडेही तसंच. पाचसहा नाण्यांनी स्प्रिंग बोटभर लांब होते आणि हाताने अलगद हुकात बसते. बसल्यावर स्टँड खालीवर केला की नाणी टपाटप खाली पडतात. मोजून घ्या. ड्रम ब्रेकच्या पट्ट्यांना याचीही गरज नाही. दोन्ही स्प्रिंगा टेबलावरच अडकवायच्या, पट्ट्या उघड्या पुस्तकासारख्या उभ्या धरून कॅम आणि पिनेवर टेकवायच्या आणि दोन्ही तळव्यांनी सपाट दाबायच्या.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते: दोरी ओढून सुरू करायच्या मशीनचा स्टार्टर. डब्याच्या आत घड्याळाच्या कमानीसारखी पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय हा डबा उघडू नका. ती पट्टी सुटली की बोट कापते आणि डोळ्याचं तर बोलायलाच नको. नवी स्प्रिंग येते ती तारेच्या कडीत आवळलेली. पुष्कळ जण कडी आधी काढतात आणि मग गोंधळ होतो. तशीच ती डब्यावर ठेवायची, बाहेरचा हुक खाचेत घालायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टी खाली दाबायची. पट्टी डब्यात उतरते, कडी वर राहते. सुटलेली जुनी पट्टी हाताने परत भरता येते, बाहेरून आत एकेक वेढा घालत, भरलेला भाग दाबून धरत. मी भरतो. तुम्ही नवी आणा.

मग पुली ठेवायची आणि थोडी डावी-उजवी करत स्प्रिंगचा आतला हुक तिला पकडतोय का ते बघायचं. पकडला की फिरवताना जोर लागतो. दोरी पुलीवर पूर्ण गुंडाळायची, पण शेवटचा हातभर भाग मोकळा ठेवून पुलीच्या कडेला असलेल्या खाचेतून बाहेर काढायचा. आता त्या खाचेतल्या दोरीला धरून, दोरी ओढल्यावर पुली ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला, अख्खी पुली दोन-तीन वेढे फिरवायची. अंगठ्याने पुली दाबून धरा, मोकळी दोरी डब्याच्या भोकातून बाहेर ओढा, मुठीला बांधा आणि हळूहळू सोडा. मूठ डब्याला येऊन टेकली पाहिजे. लोंबली तर वेढा कमी पडला. यानंतरची तपासणी बहुतेक जण विसरतात: दोरी पूर्ण बाहेर ओढून धरायची आणि त्या अवस्थेत पुली हाताने आणखी अर्धा फेरा फिरते का ते बघायचं. फिरत नसेल तर स्प्रिंग शेवटाला गेली आहे, वेढा एक कमी करा. नाहीतर पहिल्या जोरकस हिसक्याला हुक तुटणार.

जड झाकण किंवा पंपाची बॉडी चढवताना बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि मधलं पॅकिंग सरकतं. त्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी हॅकसॉने कापून टाका, कापलेल्या टोकावर ड्रायव्हरसाठी एक चीर पाडा. समोरासमोरच्या भोकांत हे दोन गज हाताने पिळून ठेवा, त्यांवर पॅकिंग ओवा, झाकण सरकवा. बाकीचे बोल्ट लागले की चिरेत ड्रायव्हर घालून गज काढून घ्या. आट्यांच्या प्रत्येक मापाची एक जोडी डब्यात असावी.

पिस्टनच्या रिंगांसाठी महागडं हत्यार घ्यायची गरज नाही. गुळगुळीत पत्र्याची पट्टी आणि पाण्याच्या नळीची क्लिप पुरते. तेल सढळ लावा, तीन रिंगा असतील तर त्यांची तोंडं एका रेषेत न ठेवता १२० अंशांवर फिरवून ठेवा. दोन स्ट्रोकमध्ये तो प्रश्नच नाही, रिंगेच्या तोंडाशी खाचेत बारीक खुंटी असते, तोंड तिथेच यायला हवं. पिस्टनखाली लाकडाच्या दोन पट्ट्या आडव्या सरकवून तो स्थिर करायचा आणि ब्लॉक सरळ खाली उतरवायचा. उतरत नाही म्हणून पिळायचा नाही, रिंगेचं टोक पोर्टाच्या खिडकीत शिरतं आणि कट्‌कन मोडतं.

बेअरिंगला उष्णता हा गडी चालतो, आणि तो तर स्वतःच्या पायाने घरी जातो. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक २५ मिमी. ते शाफ्टपेक्षा ८० अंशांनी गरम केलं तर भोक सुमारे ०.०२४ मिमीने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात बेअरिंग शाफ्टवर हाताने बसतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवायचं असेल तर बेअरिंग थंड ठेवून डबाच गरम करा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र झाला की पुरे. बेअरिंग १२० अंशांच्या वर नेऊ नका, आणि रबरी झाकणाचं, आत ग्रीस भरलेलं असेल तर ८० च्या आतच. तिथे मी शाफ्ट पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो, घरच्यांची बोलणी खाऊन. ठोकावंच लागलं तर जी कडा घट्ट बसणार आहे तिच्यावरच ठोका. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या कडेवर मारलेला घाव छर्ऱ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. ऑइल सील शाफ्टवरून सरकवताना आधी शाफ्टच्या आट्यांवर आणि चावीच्या खाचेवर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा. सील पुढे गेलं की तुकडा ओढून घ्या. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे.

मग उरतो तो कोपऱ्यातला नट, जिथे एक बोट जेमतेम पोचतं. बॉक्स पान्यात नटाबरोबर कागदाचा कपटा दाबून बसवला की नट पान्यात घट्ट राहतो आणि उलटा धरला तरी पडत नाही. स्क्रूच्या डोक्यावर सायकलच्या वॉल्व ट्यूबचा तुकडा चढवला की ती लवचीक मूठ होते. प्लग लावायला पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा याहून चांगलं हत्यार नाही. आटे तिरके धरले तर नळी प्लगवरच घसरते, पान्यासारखी हेडचे आटे खाऊन पुढे जात नाही. कुठलाही बोल्ट लावताना आधी उलटा फिरवायचा. आट्यांची तोंडं जुळली की बोटाला ‘टक’ असा हलका झोल कळतो, तिथून सरळ फिरवा. ॲल्युमिनियममधला सहा मिमीचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, म्हणजे नटापासून १० सेंमीवर पाना धरून १० किलोच्या पिशवीएवढा जोर. आपण पान्याचं टोक धरतो आणि आटे काढून ठेवतो.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. खोलतानाच पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड भोकात घालून पिळला की झाकण फुटतं. मोबाइलवर फोटो काढाच, पण तारांच्या आणि स्प्रिंगच्या हुकांच्या फोटोत आपलं बोट येऊ देऊ नका. माझ्या मोबाइलमध्ये अंगठ्याचे तीनशे फोटो आहेत.

सगळं जोडून झालं की प्लग न लावता इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, मागे फिरवा आणि विचार करा. मग गडी मोजा: चिंधी एक, दोर एक, गज दोन, नाणी सहा, दुधाच्या पिशवीचा तुकडा. सगळे टेबलावर हजर असले की प्लग लावायचा. त्या शनिवारी माझी पाचच नाणी भरली. काकांना चहा सांगितला, टॉर्च परत जमिनीवर ठेवली, आणि सहावं नाणं ते बसले होते त्या बाकाखाली निघालं.